वाटेच्या वरची द्राक्षं

फोल्सहिल रोडवरच्या दुकानात, डाळींच्या फळीसमोर उभं राहून अनुयाने वालाचं पाकीट कल्याणीच्या नाकासमोर धरलं आणि विचारलं, "मावशी, हेच ना? बिरडं ह्याचीच करतात ना?" कल्याणीच्या मैत्रिणीची, उल्काची ही मुलगी आता चाळिशीला आली होती. महिन्यातून एका शनिवारी ती आपल्या घरात टेबलं मांडून अनोळखी लोकांना मराठी जेवण वाढायची, त्याला सपर क्लब म्हणायची, आणि त्यासाठी कल्याणीला दुकानात ओढून आणायची. कल्याणीलाही ते आवडायचं. सुभाष गेल्यापासून आणि मुलगा प्रबुद्ध लंडनला ईलिंगमध्ये राहायला गेल्यापासून तिला 'चल' म्हणून ओढणारं फारसं कुणी उरलं नव्हतं. "ह्याचंच," ती म्हणाली, "पण मला नाही येत गं ते. वालाला मोड आणून सोलायचे असतात, एवढंच ऐकून आहे." अनुया हसली. "ओ कमॉन मावशी! तुला नाही येत? तू सीकेपी आहेस ना!" कल्याणीच्या हातात मसुरीची पिशवी होती. ती तिने तशीच धरून ठेवली. "कोण म्हणालं तुला?" "आजी. ती नेहमी म्हणायची, कल्याणी सीकेपी आहे, त्यांच्यात मासेबिसे चालतात, पण घरंदाज लोक. आईनेच सांगितलं होतं तिला. व्हाय, नाहीयेस का?" आणि उत्तराची वाट न बघता ती पुढच्या फळीकडे गेली, कारण तिथे कोकमं होती आणि कोकमं तिला कुठे मिळत नव्हती.

कल्याणीने मसूर पिशवीत टाकली, मग पुन्हा बाहेर काढून फळीवर ठेवली. दुकानात हिंगाचा आणि ओल्या पुठ्ठ्याचा वास भरला होता. अनुयाला काही कळलं नाही ह्याचं तिला नवल वाटलं नाही. ह्या मुलीला लहानपणी त्यांच्या घरातली भिंतीवरची तसबीर बघून वाटलं होतं, की चष्मा आणि निळा कोट घातलेले ते गृहस्थ म्हणजे सुभाषकाकाचे आजोबा. ती तसं बोललीही होती, आणि सुभाष पोट धरून हसला होता. "आजोबाच की गं, माझे एकट्याचे नाही, लाखोंचे." बौद्ध असणं म्हणजे तिच्या लेखी डोळे मिटून बसणं. ते तर तिची आईही योगा क्लासनंतर करायची. अनुया खोटं बोलत नव्हती. तिला खोटं बोलण्याइतकी माहितीच नव्हती.

बस आली तेव्हा कल्याणी खालच्याच मजल्यावर दाराजवळ बसली आणि बाहेर बघत राहिली. माई सांगलीहून आल्या तो हिवाळा तिला आठवला. उल्काच्या सासूबाई. विधवा, काटक, नऊवारी नेसून वर मुलाचा जाड कोट घालणाऱ्या. उल्काचा नवरा शशिधर हॉस्पिटलात भूल देणारा डॉक्टर, कल्याणी त्याच हॉस्पिटलच्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये, सुभाष कारखान्यात इंजिनियर. हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये दोन्ही घरांचे दरवाजे समोरासमोर होते. माई यायच्या आधीपासून उल्का आणि ती एका ताटात जेवायच्या. कॉव्हेंट्रीच्या मेमोरियल पार्कमध्ये उल्काने तिला सायकल शिकवली होती. उल्का पुण्यात कॉलेजला सायकलने जाणारी, कल्याणीने नागपुरात फक्त भावाची सायकल पुसलेली. उल्का सीट धरून मागे पळायची, "धरलंय, धरलंय" म्हणून ओरडायची, आणि लांबच्या झाडापाशी वळून बघावं तर ती कधीचीच मागे कमरेवर हात ठेवून हसत उभी. मग माई आल्या, आणि कल्याणीला वाटलं, आता हे दार बंद होणार. तिने मनाची तयारीही केली होती. ती तयारी तिला आईच्या दुधाबरोबर मिळालेली होती, नवीन काही करावं लागलं नाही. पण दार बंद झालं नाही. उलट माईच हाक मारायला लागल्या. "कल्याणी, ये गं, थालीपीठ तव्यावर आहे." माईंनी सांगलीहून लोणच्याची एक मोठी चिनीमातीची बरणी जपून आणली होती. तिला कुणी हात लावायचा नाही, शशिधरने नाही, सुनेने तर नाहीच. साफसफाईला येणाऱ्या आयरिश बाईला त्या कपाटाजवळही जाता यायचं नाही. आणि एके दिवशी ताट वाढताना माई म्हणाल्या, "कल्याणी, तू घे गं बरणीतून. तुझा हात चालतो."

तुझा हात चालतो. त्या रात्री घरी येऊन ती सुभाषला हे सांगताना रडली होती. सुभाष चहाचा कप खाली ठेवून म्हणाला होता, "त्यांना माहीत आहे का पण?" "माहीत असणारच. उल्का एवढी जवळची. घरातल्या घरात सांगितलंच असेल." "तू विचारलंस?" ती चिडली होती. असं कसं विचारायचं? तुम्ही मला जेवू घालता ते मी कोण हे माहीत असून की नसून, असं? आणि माणसाचा चांगुलपणा असा उलटापालटा करून का बघायचा? सुभाषने पुन्हा कधी विचारलं नाही. पण दरवर्षी एप्रिलमध्ये मिडलँड्समधले सगळे आपले लोक कम्युनिटी हॉलमध्ये जमायचे, आणि कल्याणी बोलायला उभी राहिली की माईंची गोष्ट सांगायची, तेव्हा तो मागच्या रांगेत बसून खुर्चीखालच्या सतरंजीकडे बघायचा. ती सांगायची, माणसं बदलतात. सत्तरीची ब्राह्मण बाई, सोवळ्यात वाढलेली, तिच्या लोणच्याच्या बरणीत माझा हात चालतो. लोक टाळ्या वाजवायचे. तरुण मुलं हसायची, त्यांना हे पटायचं नाही. प्रबुद्धला तर कधीच पटलं नाही. "आई, एका बरणीवर तू पूर्ण सिस्टिम माफ करून टाकतेस," तो म्हणायचा. ती म्हणायची, तुला आईच्या वयाच्या माणसांबद्दल काही कळत नाही. नागपूरला तिची आई वारली आणि तिकिटाची, रजेची सोय होईना, तेव्हा तीन दिवस माईंनी तिला आपल्या खोलीत झोपवलं होतं. तिचं डोकं मांडीवर घेऊन तेल घातलं होतं. माईंची बोटं वाळलेल्या शेंगांसारखी होती, केसांत अडकायची. ते तेल, ती बोटं, हे सगळं होतं ना. झालंच होतं. मग आता बसच्या काचेतून बाहेर बघताना ते हातातून सुटल्यासारखं का वाटत होतं? जिच्या केसांत ती बोटं फिरली ती कोण होती? मुंबईकडून नागपूरला जाऊन राहिलेल्या कुणा कायस्थ घराण्यातली वैद्यांची सून. असली बाई कधी जन्मलीच नव्हती. कल्याणी तिची जागा धरून बसली होती, आणि हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

वैद्य हे आडनाव तसं सोयीचं. ब्राह्मणांत आहे, सीकेपींत आहे, नागपूरकडे आपल्यातही आहे. सुभाषच्या आईला त्याचा कोण अभिमान. आता कल्याणीला एकेक आठवायला लागलं, आणि आठवताना प्रत्येक गोष्ट थोडी सरकून बसायला लागली, घरात कुणी येऊन गेल्यावर भांडी जागच्या जागी असूनही वेगळी दिसतात तशी. माई तिच्या घरी कधीच आल्या नाहीत. समोरचं दार, चार पावलांवर. उल्का म्हणायची, माईंना थंडी बाधते, माईंचे गुडघे, माईंची आज एकादशी. समोरच्या भिंतीवरची तसबीर दिसू नये म्हणून एवढी वर्षं एका म्हाताऱ्या बाईचे गुडघे दुखत होते. एकदा जेवताना कल्याणी "आमच्या विहारात" असं म्हणायला गेली, तर उल्काने मध्येच तोडलं, "आमच्या योगाच्या हॉलसारखाच हॉल आहे गं तुमचा!" आणि सगळे हसले, तीही हसली. ती हसली होती, हे तिला आता सर्वांत जास्त बोचत होतं.

घरी आल्यावर तिने कोट काढला नाही. जिन्याखाली तिची नवी बॅटरीची सायकल उभी होती. सप्टेंबरात उल्का आणि ती पुन्हा एकदा फ्रान्सला, ब्योनला जाणार होत्या, आयुष्यात दुसऱ्यांदा आणि बहुतेक शेवटच्या वेळी, म्हणून दर बुधवारी केनिलवर्थकडच्या जुन्या रेल्वेच्या वाटेवर त्या सराव करत होत्या. दोन पंचाहत्तरीच्या बायका, पिवळी जॅकिटं घालून, एकीच्या मागे एक. पहिल्या वेळी गेल्या त्याला आता पंधरासोळा वर्षं झाली असतील. तेव्हा पाय स्वतःचे होते. सुभाष स्टेशनवर सोडायला आला होता आणि सगळ्या फलाटाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला होता, "बघा, पंचशील घेतलेली बाई दारूच्या गावाला निघाली." ती ट्रेनमध्ये बसेपर्यंत हसत होती.

फ्रान्समधल्या त्या टेकड्यांचा उतार तिला अजून डोळे मिटले की दिसायचा. एका अंगाला डोंगराचा कडा, त्याच्या खाली वेलींच्या रांगा, विंचरून ठेवलेल्या केसांसारख्या, आणि त्यांच्यामधून जाणारी पांढऱ्या मातीची अरुंद वाट. सामान गाडीतून पुढच्या गावाला जायचं, ह्या दोघी मोकळ्या. पोमार, म्यर्सो, सांतने. नावं उच्चारताना उल्का ओठांचा चंबू करायची आणि त्यातच तोल जाऊन वेलींत शिरायची. दगडी कुंपणं कमरेएवढी, त्यांतल्या फाटकांवर मालकांची नावं कोरलेली. हंगाम तोडणीचा होता. बाया-माणसं वाकून द्राक्षं कापत होती, पाठीला लावलेल्या टोपल्या भरत होती, आणि हवेत गोड, किंचित आंबलेला वास होता, गुळाच्या ढेपेजवळ यावा तसा. त्या रात्री ज्या घरी उतरल्या तिथली मालकीण, जाडजूड, हसरी, तोडक्या इंग्रजीत बोलणारी, तिने कल्याणी वाइन पीत नाही म्हटल्यावर डोळे मोठे केले आणि आतून जाऊन घाण्यातून नुकताच काढलेला रस आणला, न आंबलेला, गढूळ, अजून कोमट. आणि टेबलावर पावाच्या चुऱ्याने नकाशा काढून समजावलं. ही वाट. वाटेच्या वरची द्राक्षं ती फार मोठी, राजाच्या टेबलावरची. खालची ती गावाची, रोज प्यायची. कल्याणीने विचारलं, वेल वेगळा असतो का? नाही, वेल तोच. मशागत वेगळी? नाही, तीच माणसं, तीच कात्री. मग? मालकिणीने खांदे उडवले. जमीन. कुणाचा जन्म वाटेच्या कुठल्या बाजूला झाला ते. पूर्वीच ठरलेलं आहे, कागदावर आहे, बदलत नाही. कल्याणी खदखदून हसली. "उल्का, ऐकलंस? इथेही आहे बघ!" उल्काही हसली. पण तिचं हसू उशिरा आलं आणि लवकर गेलं. हे तेव्हा कल्याणीच्या लक्षात आलं नव्हतं. आता ते हसू तिच्या समोर येऊन उभं राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी म्यर्सोच्या अलीकडे एका दगडी कुंपणावर बसून त्या चीज आणि पाव खात होत्या. समोरून टोपली घेऊन एक बाई चालली होती, मान पुढे काढलेली ती चाल बघून कल्याणीला आई दिसली. आणि जे तिने सुभाषलाही सलग कधी सांगितलं नव्हतं ते तिने उल्काला सांगितलं. तिची आई डोक्यावर संत्र्यांची टोपली घेऊन दारोदार जायची. काही घरांत बाई बाहेर यायची ती पाण्याचा तांब्या घेऊन. आईने टोपली अंगणात ठेवायची, मग त्या बाईने संत्र्यांवर पाणी शिंपडायचं, मग ती उचलायची. "आणि फळ तर सालीच्या आत असतं ना गं," कल्याणी म्हणाली, "मला लहानपणी हेच कळायचं नाही, की आईचा हात सालीच्या आत कसा जातो." दीक्षेच्या वर्षी ती सात वर्षांची होती, बापाच्या खांद्यावर बसून गेली होती, खाली नुसती पांढरी डोकी. त्यानंतर तांब्या दिसला की आई टोपली उचलून चालायला लागायची. विक्री कमी झाली. आई म्हणायची, होऊ दे. उल्का ऐकताना रडली. तिने कल्याणीचा हात धरला, तिचे डोळे लाल झाले, नाक वाहायला लागलं, रुमाल सापडेना म्हणून पावाच्या कागदाला पुसलं. "आमच्या घरात तरी तुला कधी असं..." ती म्हणाली आणि थांबली. कल्याणी म्हणाली, "छे गं. तुझ्या घरी माई होत्या. त्यांना सगळं ठाऊक असून त्यांनी मला बरणीत हात घालू दिला. मी तर दरवर्षी हॉलमध्ये सांगते." उल्का कुंपणावरून उतरली. वाकून सायकलचं चाक अंगठ्याने दाबून बघायला लागली. चाकात हवा ठणठणीत होती, सकाळीच भरलेली. "चल," ती चाकाशीच बोलल्यासारखी म्हणाली, "ऊन चढेल."

माई जाऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती. सांगून कुणाचं काही बिघडणार नव्हतं. ती सगळी वाट मोकळी होती, ऐकायला एक कुत्रंही नव्हतं, आणि उल्काने हवा बघितली.

दुकानातून आली त्या रात्री झोप आली नाही असं म्हणता येणार नाही. ह्या वयात झोप अशीतशीच येते. पण पहाटे जाग आली ती माईंच्या शेवटच्या दिवसाच्या मध्यभागीच. माईंचा श्वास घरघरत होता, शशिधर हॉस्पिटलातून यायचा होता, आणि उल्काने गंगाजलाची लोटी उघडून चमचा कल्याणीच्या हातात दिला. "तू घाल." "अगं, तू सून." "तूच घाल, त्यांना तू आवडतेस." कल्याणीने दोन थेंब घातले, ओघळून मानेवर आले, ते तिने पदराने टिपले. केवढा मान, असं तिला वाटलं होतं. आता अंधारात छताकडे बघताना तिला उल्काचा तेव्हाचा चेहरा आठवेना, किती प्रयत्न केला तरी आठवेना. त्याच्या जागी दुसराच चेहरा येत होता. कल्याणीने बरणीत हात घातला की दर वेळी सिंककडे तोंड करून उभ्या असलेल्या उल्काचा, ओठ आत घेतलेला, हसू दाबलेला. माईंनी तिला त्या घरात सुखाने एक दिवस जगू दिलं नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं. भाजी चिरण्यापासून पोरगीच झाली इथपर्यंत. कल्याणी उठून बसली. उल्का कुणाला हसत होती, हा प्रश्न तिच्या मनात आला आणि तो परत जाईना.

सकाळी उल्का आली ती हातात पिशवी हलवत, दारातूनच बोलत. "हे बघ काय आणलंय. गादीवाल्या चड्ड्या. तुझ्यासाठी मीडियम, माझ्यासाठी लार्ज, हसायचं नाही. मी काल घालून बघितली, लंगोट बांधलेल्या बाळासारखी दिसते मी. शशी म्हणाला, फ्रेंच लोकांनी काय पाप केलंय?" तिने दोन्ही टेबलावर पसरल्या. कल्याणीने चहा टाकला नव्हता. उल्काच्या ते लक्षात आलं, तिने गॅसकडे बघितलं आणि मग कल्याणीकडे. "बरं नाही का गं?"

"उल्का, माईंना तू माझी जात काय सांगितली होतीस?"

उल्का खुर्चीवर बसली. आधी बसली, मग कोटाची बटणं काढायला लागली, मग अर्ध्यातच थांबली. "अनुया ना? ही मुलगी म्हणजे... तिला काही अर्थ कळत नाही गं."

"तिचं राहू दे."

"अगं, पहिल्याच आठवड्यात विचारलं त्यांनी. वैद्य म्हणजे कुठले वैद्य? तू बाहेर पॅसेजमध्ये उभी होतीस, चपला काढत. आता काय सांगू? ब्राह्मण म्हटलं असतं तर गोत्र विचारलं असतं, मूळ गाव विचारलं असतं. म्हणून सीकेपी."

"म्हणजे विचार करून सांगितलंस."

"विचार कसला, तोंडातून गेलं! तू आत येत होतीस. त्यांनी तुला दारातून परत पाठवलं असतं, ते मी बघितलं असतं का?"

"आणि नंतर?"

"नंतर कधी सांगायचं? तू त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून आईसाठी रडत होतीस. तेव्हा सांगू?"

"त्यांना नको सांगू. मला सांगायचंस." कल्याणीचा आवाज चढला नाही, पण तिची नागपूरची बोली अशा वेळी आपोआप वर यायची. "मला काऊन नाही सांगितलं?"

"तुला सांगितलं असतं तर तू आमच्याकडे आली असतीस?"

"नसते आले."

"मग!" उल्का म्हणाली, एखादा डाव जिंकल्यासारखी, आणि मग तिला स्वतःलाच त्या 'मग'ची लाज वाटली. तिने टेबलावरची चड्डी उगाच घडी घातली. "कल्याणी, मला तू हवी होतीस. त्या क्वार्टर्समध्ये, त्या थंडीत, त्या बाईबरोबर, तू नसतीस तर मी वेडी झाले असते. अगं, सायकल शिकवताना मी 'धरलंय' म्हणायची आणि सोडलेलं असायचं. तेव्हा रागावली होतीस का?"

"तेव्हा मी सायकल शिकायला आले होते. तुझ्या घरी मी जेवायला येत होते."

बाहेर कचऱ्याची गाडी थांबली, डबे आपटले, गाडी पुढे गेली. त्या आवाजाने बोलायला थोडी सवड दिली. कल्याणी पहाटेपासून धरून ठेवलेलं बोलली. "मी बरणीत हात घातला की तू सिंककडे तोंड करून हसायचीस. काऊन हसायचीस?"

उल्काने चड्डीवरचा हात काढून घेतला. ती खोटं शोधत नव्हती, हे कल्याणीला दिसत होतं, आणि त्याचीच तिला भीती वाटली. "खरं सांगू? बरं वाटायचं. सकाळपासून रात्रीपर्यंत मला विटाळ, मला शिवू नकोस, चार दिवस बाजूला बस. इंग्लंडात गं! आणि तू आलीस की... वाटायचं, घ्या आता. घे म्हातारे. बसलीस ना लोणचं चाटत. मी कुणाला सांगू शकत नव्हते, पण माझं मला माहीत होतं." तिने वर बघितलं. "ते तुझ्याविरुद्ध नव्हतं. त्यांच्याविरुद्ध होतं."

"आणि गंगाजल?"

उल्काचा हात कोटाच्या अर्धवट काढलेल्या बटणांकडे गेला.

माझ्या आईचा हात संत्र्याच्या सालीच्या आत जायचा, कल्याणीच्या मनात आलं. ज्यांना तो नको होता त्यांनाही तेच वाटायचं आणि उल्कालाही तेच वाटत होतं. तिने पाण्याचा तांब्या नाही आणला, तिने तो हात आणला, मुद्दाम, आणि न सांगता. कल्याणी एवढी वर्षं एका म्हाताऱ्या बाईच्या प्रेमाला उत्तर देत होती, आणि तिच्या नकळत तिची मैत्रीण तिच्या हाताने त्या बाईला विटाळत होती. म्हणजे विटाळ होता. उल्काच्याही मनात तो होताच, शाबूत, कामाला लावण्याइतका धडधाकट. हे तिला कुठल्याच बरणीपेक्षा जड गेलं.

"अनुयाला फोन लाव," ती म्हणाली. "आत्ता. स्पीकरवर. तिला सांग."

"आता कशाला गं, ती कामात..."

"लाव."

उल्काने लावला. अनुयाच्या घरात मिक्सर चालू होता, तो बंद झाला. "आई? काय झालं? एव्हरीथिंग ओके?" "अगं हो, हो. मी कल्याणीमावशीकडे आहे. ते तू बिरड्याचं विचारत होतीस ना." उल्काने कल्याणीकडे बघितलं. कल्याणीने मान हलवली. उल्काने ओठ ओले केले. "तर तिला नाही येत ते. ती लहानपणापासून नागपूरला ना, त्यांच्याकडे करत नसत. मी तुला दुसरी कुणीतरी..." कल्याणीने हात पुढे करून फोन आपल्याकडे सरकवला. तिला राग आला नाही. राग येण्याची वेळ केव्हाच मागे पडली होती, आता नुसतं स्वच्छ दिसत होतं.

"अनुया, मी कल्याणीमावशी. मी सीकेपी नाही. आम्ही बौद्ध. त्याआधी महार. माझी आई संत्री विकायची. तुझ्या आईने आजीला खोटं सांगितलं होतं."

मग अनुया, अगदी मनापासून, "वेट, सो आजीला कधीच नाही कळला? इतके वर्षं? ओ माय गॉड. पुअर आजी!" आणि लगेच, "सॉरी मावशी, तुला काही वाटला नाही ना? आय मीन, आपल्याकडे नो वन केअर्स. पुअर आजी पण. ती किती स्ट्रिक्ट होती!"

"हो," कल्याणी म्हणाली, "बिचारी," आणि फोन ठेवला.

उल्का रडत होती. तशीच, म्यर्सोला रडली होती तशी, नाक वाहत, रुमाल न सापडता. रडता रडता ती म्हणाली, "बघितलंस? मुलांना काहीच वाटत नाही. संपलं गं हे सगळं." तिच्या आवाजात सुटका होती. सगळं उघडं झालं आणि छत कोसळलं नाही, ह्याची सुटका. ती कल्याणीचा हात धरायला पुढे झुकली आणि म्हणाली, "आपण सप्टेंबरात जाऊ. तिथे बोलू नीट. तिथे आपल्याला कुणी ओळखत नाही."

"मी जाणार आहे," कल्याणी म्हणाली. "एकटी जाईन."

"एकटी कशी जाशील? ह्या वयात?"

"हळूहळू. चढ आला की उतरेन."

"आणि मी?"

"तुला यायचं तर ये. रस्ता काही माझा नाही. कुठे दिसलीस तर थांबेन, पाणी लागलं तर देईन. वाटेत भेटणाऱ्या माणसाशी जेवढं बोलतात तेवढं बोलेन."

उल्का उठली. मग कोटाची बटणं लावायला लागली, एक घर चुकलं, तसंच वरपर्यंत लावत गेली. एरवी कल्याणी हसली असती, दोन्ही हातांनी ती काढून पुन्हा लावली असती. ती बसून राहिली. उल्का दारापर्यंत गेली, थांबली, मागे न बघता बोलली, "मला दुसरी कुणी नाही गं." कल्याणीला हे खरं आहे हे माहीत होतं. तिलाही दुसरी कुणी नव्हती.

दार लागलं. समोरच्या फुटपाथवर बसथांबा होता, खिडकीतून सरळ दिसणारा. उल्का तिथे जाऊन उभी राहिली, वाकड्या बटणांचा कोट घालून, घराकडे तोंड करून. बस आली, थांबली, दार उघडलं, बंद झालं, गेली, आणि उल्का तिथेच होती. थोड्या वेळाने दुसरी आली आणि गेली. पाऊस नव्हता, नुसता राखी उजेड होता, तिच्या पांढऱ्या केसांवर पडलेला. कल्याणी खिडकीशी उभी होती. तिने पडदा ओढला नाही, आणि दारही उघडलं नाही.